कौटुंबिक न्यायालयातली वकिली करायची आहे. सुरुवात कुठून करू?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी नाशिकची. बी.कॉम. झाल्यावर एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात लागले. नोकरी सांभाळून एलएल.बी. करतेय, आता शेवटचं वर्ष आहे. पुढे कौटुंबिक वादांचीच वकिली करायची असं मनाशी पक्कं केलंय.

कारण पतसंस्थेतच सापडलं. नवऱ्याच्या कर्जाला जामीनदार म्हणून बायकोची सही असते. पुढे दोघांचं बिनसतं, ती माहेरी येते, हप्ते थकतात आणि वसुलीची नोटीस तिच्या हातात पडते. ती कागद घेऊन काउंटरवर येते आणि विचारते, "मी तर तिथं नांदतही नाही, मग हे माझ्यावर कसं?" यातल्या कित्येक जणी वकिलाकडे जाऊन आलेल्या असतात. पोटगीचा अर्ज झालेला असतो, पण या सहीचं काय करायचं हे त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. मला ते विचारणारी वकील व्हायचंय.

घरात मात्र कुणाला पटत नाही. मावशी म्हणते, लोकांचे संसार मोडायची कामं कशाला करतेस. कॉलेजातले एक सर म्हणतात, या वकिलीत कायद्याचा कस लागत नाही, त्यापेक्षा दिवाणी नाहीतर फौजदारी धर. सुरुवातीपासून फक्त कौटुंबिकच करावं का? पुण्या-मुंबईला जावं लागेल का? ज्युनिअरला घर चालेल एवढं मिळतं का? आणि रोज तीच भांडणं ऐकून माणूस टिकतो का? जे या कामात आहेत त्यांनी मोकळेपणाने लिहा.

काळाकोट

रानजाई, मी पुण्यात शिवाजीनगरला कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. सवडीने लिहितेय, लांबेल.

आधी तुमच्या सरांबद्दल. नवराबायकोचं भांडण एक असतं, पण ते चार दालनांत पसरतं. घटस्फोट आणि मुलांचा ताबा कौटुंबिक न्यायालयात. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालचा अर्ज बहुतेक वेळा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. छळाची फिर्याद फौजदारीत, म्हणजे जुनं ४९८अ, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं. आणि सासऱ्याने फ्लॅटचं बक्षीसपत्र करून टाकलं की दिवाणी दावा. पोटगीचं जुनं कलम १२५ सुद्धा आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ आहे. जिला दिवाणी प्रक्रिया संहिता येत नाही तिला हे चारही धागे हातात धरता येत नाहीत. म्हणून तुमचे सर दिवाणी शिका म्हणतात ते बरोबर आहे, पण त्यांनी दिलेलं कारण चुकीचं आहे. दिवाणी शिका ती कौटुंबिक चांगलं करता यावं म्हणून.

तुमच्या जामीनदार बाईचंच घ्या. करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने ती संपत नाही. नवराबायकोने संमतीपत्रात "कर्ज नवरा फेडील" असं लिहिलं तरी पतसंस्था त्याला बांधील नाही, कारण ती त्या तडजोडीत पक्षकारच नसते. त्यामुळे संमतीच्या अटी लिहितानाच ठरवावं लागतं: एकतर कर्ज आधी बंद करून बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असा) दाखल करायचा, किंवा पतसंस्थेकडून जामीनदार बदलून घ्यायचा, आणि ते होईपर्यंत संमतीच्या घटस्फोटातल्या दुसऱ्या टप्प्याच्या सह्या करायच्या नाहीत. हे ज्याला सुचतं त्याला कायद्याचा कस लागतो की नाही हे विचारायची गरज पडत नाही.

आता वाट कशी ते सांगते. निकाल लागला की बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा अर्ज. नोंदणीची फी कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं: खुल्या गटाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. एक लक्षात ठेवा, पूर्ण वेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. सनद घ्यायची तर पतसंस्था सोडावी लागेल, त्यामुळे हातात थोडी पुंजी ठेवून मग राजीनामा द्या. सनद मिळाल्यावर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा. तिला कायद्याची मूळ पुस्तकं, टीपा नसलेली, सोबत नेता येतात. वर्गात लक्ष दिलं असेल तर ती अवघड नाही.

खरं शिक्षण त्यानंतर. पहिलं वर्ष बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) बघणं, तारखा घेणं, पुरसिस (न्यायालयाला लेखी कळवणं) देणं, नकलांचे अर्ज, नोटीस बजावली गेली की नाही म्हणून बेलिफाच्या (नोटीस बजावणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्याच्या) मागे फिरणं यात जातं. पोरं कंटाळतात. पण नोटीस बजावल्याशिवाय सामनेवाल्याविरुद्ध काहीच पुढे सरकत नाही, आणि निम्म्या प्रकरणांचं घोडं तिथेच अडतं. ज्या ज्युनिअरला पत्ता कसा शोधायचा, चिकटवून बजावणीचा अर्ज कधी द्यायचा, व्हॉट्सअॅपवर बजावणीची परवानगी कशी मागायची हे येतं तिला सीनियर सोडत नाहीत.

पैशाचं उद्या लिहिते.

हिशेबनीस

मी सीए आहे, कौटुंबिक प्रकरणांत वकिलांना आकडे काढून देतो. रानजाई, तुमचं बी.कॉम. आणि कर्ज विभाग हीच तुमची ताकद आहे. पगारदाराची पगारपत्रकं मागवून पोटगी ठरते, ते कोणीही करतो. धंदेवाल्याचं काय? विवरणपत्रात उत्पन्न चार लाख आणि दोन गाड्यांचे हप्ते चालू. भागीदारीतून उचल किती, कंपनीकडून भाडं-पेट्रोल-फोन किती, कुटुंबाच्या नावाने एचयूएफ (करासाठी वेगळं धरलं जाणारं हिंदू अविभक्त कुटुंब) काढलीय का, आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात म्युच्युअल फंडाच्या नोंदी आहेत का, हे वाचता येणारे वकील मी फार थोडे पाहिलेत. कर्जाच्या अर्जात माणूस आपलं उत्पन्न वाढवून सांगतो आणि न्यायालयात कमी करून. तुम्ही तर ते कर्जाचे अर्ज रोज हाताळता.

काळाकोट

हिशेबनीस, अगदी हेच लिहायला बसले होते.

२०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा रजनेश वि. नेहा हा निकाल आला. प्रकरण मूळचं नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं. तेव्हापासून पोटगीच्या प्रत्येक अर्जात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं, ठरलेल्या नमुन्यात. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची हेही त्यात आलं. माझ्या मते आजच्या कौटुंबिक वकिलीचा गाभा हे शपथपत्र आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते ज्युनिअरने घाईत भरलेलं असतं.

मी ज्युनिअरला हे कसं शिकवते ते सांगते. सामनेवाल्याचं शपथपत्र आणि बँकेचा खातेउतारा शेजारी शेजारी ठेवायचे. शपथपत्रात महिन्याचं उत्पन्न अठरा हजार. उताऱ्यात पाच तारखेला गृहकर्जाचा हप्ता बावीस हजार, दर महिन्याला, न चुकता. मग वरचे पैसे कुठून आले ते बघायचं. आठवड्याला दोनदा रोख भरणा, प्रत्येक वेळी पन्नास हजारांच्या किंचित खाली. मार्चमध्ये गाडीच्या विम्याचा हप्ता, पण मालमत्तेच्या रकान्यात गाडी नाही. एका खाजगी क्लासला ऑनलाइन पैसे गेलेत, म्हणजे भावाच्या मुलाची फी हा भरतोय आणि स्वतःच्या मुलीची शाळेची फी "ऐपत नाही" म्हणून थकवलीय. यातली एकेक नोंद उलटतपासात एकेक प्रश्न होते. आरडाओरडा करायची गरज राहत नाही. साक्षीदार आपल्याच उताऱ्यापुढे गप्प बसतो.

आणि हे दोन्ही बाजूंना लागू आहे. बायको शिकवण्या घेते, ब्लाउज शिवते, ऑनलाइन काम करते आणि "उत्पन्न शून्य" लिहून मोकळी होते, तेव्हा तिच्या वकिलाने तिथेच थांबवायला हवं. कमावते म्हणून पोटगी आपोआप नाकारली जात नाही, पण खोटं शपथपत्र उघडं पडलं की न्यायाधीशांचा पुढच्या प्रत्येक शब्दावरचा विश्वास उडतो.

ज्युनिअरच्या पैशांबद्दल. भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं की शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत. ही शिफारस आहे, सक्ती नाही. माझ्या आसपास बरेच जण त्याच्या खूप खाली देतात आणि काही जण काहीच देत नाहीत. मी देते, आणि जे देत नाहीत त्यांच्याकडे पहिल्या सहा महिन्यांनंतर राहू नये असं स्पष्ट सांगते.

वारणाकाठ

मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या न्यायालयात काम करतो. काळाकोट मॅडमनी शहराचं चित्र नेमकं सांगितलं, गावाकडचं थोडं सांगतो.

आमच्याकडे स्वतंत्र कौटुंबिक न्यायालय नाही. हिंदू विवाह कायद्याची प्रकरणं वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतात. सकाळी वाटपाचा दावा, दुपारी पोटगी, मध्ये एखादा चेकचा खटला. "फक्त कौटुंबिक" असं इथं कोणी नसतं. पण कौटुंबिकात नाव झालेले वकील असतात, आणि त्यांच्याकडे माणूस तीन तालुके ओलांडून येतो.

इथं खातेउताऱ्यात काही सापडत नाही, कारण उत्पन्न शेतातून येतं. मग आम्ही काय मागवतो? साखर कारखान्याकडून उसाची बिलं, सभासद क्रमांकासकट. दूध संघाच्या दहा दिवसांच्या पट्ट्या. सोसायटीचं पीककर्ज, कारण कर्ज क्षेत्रावर मिळतं आणि क्षेत्र लपवता येत नाही. सातबारा आणि आठ-अ तर असतोच. नवरा म्हणतो, जमीन वडिलांच्या नावावर, मी नुसता राबतो. ठीक आहे, मग फेरफार काढायचे. जमीन वडिलोपार्जित असेल तर त्याचा हिस्सा निघतोच. फेरफार वाचायला शिकलेला वकील गावाकडं कधी उपाशी राहत नाही.

आणि रानजाईताई, पुण्याला जायलाच हवं असं अजिबात नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिलं आता तिथं. आमच्या पक्षकाराला मुंबईचा वकील करायला लागायचा, तो खर्च पेलत नाही म्हणून कितीतरी बायका खालच्या निकालावर गप्प बसल्या. आता आमच्यातलेच तरुण वकील तिथं उभे राहतायत. नाशिकला तो फायदा नाही हे खरं, पण जिल्ह्याच्या ठिकाणी राहून मोठं काम करता येतं एवढंच सांगायचंय.

एकपक्षकार

मी वकील नाही. मुलाच्या ताब्यासाठी मी अनेक वर्षं न्यायालयात घालवली. तुमची चर्चा वाचून राहवलं नाही.

माझ्या पहिल्या वकिलांनी मला कधीच सांगितलं नाही की आज काय होणार आहे. मी रजा टाकून जायचो, बाकावर बसायचो, ते धावत यायचे, "तारीख मिळाली" म्हणायचे आणि जायचे. का मिळाली, पुढं काय, मी काय आणायचं, काही नाही. आणि समोरच्या बाजूने माझ्या सत्तरीच्या आईचं नाव फिर्यादीत घातलं. ती त्या घरात राहतही नव्हती. तडजोडीच्या बोलण्यात मला स्पष्ट सांगण्यात आलं की मुलाचा हट्ट सोडा, फिर्याद मागे घेऊ. रानजाई, तुम्ही वकील झालात की एवढं करू नका. फिर्याद हे सौद्याचं हत्यार करू नका.

निर्भीड

एकपक्षकार, तुमच्या आईबाबत झालं ते वाईटच. पण या धाग्यावर येऊन "फिर्याद म्हणजे सौदा" असं वाचून कोणी मुलगी गप्प बसेल याची मला भीती वाटते. मी महिला संस्थेत काम करते. आमच्याकडे येणारी बाई पहिल्या मारहाणीला येत नाही, पोरांची शाळा संपेपर्यंत थांबून येते. तिला पहिल्यांदा भेटलेला वकीलच "कशाला फिर्याद, मिटवून टाका" म्हणाला तर ती परत जाते. परत गेलेल्यांचं काय होतं तेही आम्ही बघतो.

काळाकोट

तुम्ही दोघंही जे सांगताय ते मी पाहिलंय, त्यामुळे बाजू न घेता कायदा काय आहे ते लिहिते.

अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलंय की अशा फिर्यादीत पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, कारणं लिहायची. आणि जे नातेवाईक त्या घरात राहतच नाहीत, ज्यांच्यावर नेमका आरोप नाही, त्यांच्याविरुद्धची फिर्याद उच्च न्यायालय रद्द करतं. पण वकिलाचं काम त्याच्याही आधी सुरू होतं. बाई समोर बसली की मी तिला एक कोरा कागद देते आणि लिहायला सांगते: कोणी, केव्हा, कुठे, कोणासमोर, दवाखान्यात गेलात का. त्या कागदावर ज्याचं नाव येत नाही त्याचं नाव फिर्यादीत येत नाही. त्याने खरी फिर्याद बळकट होते आणि एकपक्षकारांच्या आईसारखं माणूस सुटतं. जिच्या जिवाला धोका आहे तिला मिटवा म्हणायचं नाही. तिच्यासाठी २००५ च्या कायद्याखाली संरक्षणाचा आणि राहत्या घराचा आदेश आधी मिळवायचा. ते घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी "सामाईक घर" ठरू शकतं हे २०२० मध्ये सतीश आहुजा निकालाने स्पष्ट केलंय. ही गोष्ट अजून कितीतरी वकील पक्षकाराला सांगत नाहीत.

मावशींचं राहिलं. त्यांना रखमाबाईंची गोष्ट सांगा. लहानपणी लग्न लागलं, मोठी झाल्यावर नांदायला जायला नकार दिला, नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ ला निकाल तिच्या बाजूने, अपिलात फिरला, आणि १८८७ मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. तुरुंगात जाईन म्हणाली. पुढच्या वर्षी पैसे देऊन तडजोड झाली आणि ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली. तो नांदायला आणण्याचा दावा आजही हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून आहे. आता त्यासाठी कोणाला तुरुंगात टाकत नाहीत, पण बाईला दूरच्या गावी तारखांना खेचायला तो अजून वापरला जातो. अशा वेळी तिच्या बाजूने कोणीतरी उभं राहायला लागतं. आम्ही भेटतो तेव्हा संसार आधीच मोडलेला असतो.

मांडवीकाठ

बार कौन्सिल एकच असली तरी गोव्यात कायदा वेगळा आहे हे नव्या वकिलांना माहीत असू द्या. इथे हिंदू विवाह कायदा लागू नाही. पोर्तुगीज काळची नागरी संहिता सगळ्या धर्मांना लागू. लग्नाची नोंदणी दोन टप्प्यांत होते आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक होते, निम्मी-निम्मी. त्यामुळे आमच्याकडे घटस्फोटात पोटगीइतकाच वाटणीचा प्रश्न मोठा. मुंबईत लग्न आणि म्हापशात घर अशी प्रकरणं आली की दोन्हीकडचे वकील एकमेकांना फोन करतात. ज्यांना पोर्तुगीज कागद वाचता येतात असे वकील कमी होत चाललेत. कोणाला इकडे यायचं असेल तर काम आहे.

जुनी_समुपदेशक

मी विवाह समुपदेशक म्हणून कौटुंबिक न्यायालयात काम केलं, आता निवृत्त आहे. रानजाई, तुझा शेवटचा प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून लिहितेय.

कुटुंब न्यायालयाचा १९८४ चा कायदा झाला तोच मुळी भांडण वकिली युक्तिवादात अडकू नये म्हणून. कलम ९ प्रमाणे आधी समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे, आणि कलम १३ प्रमाणे पक्षकाराला वकील लावायचा हक्कच नाही, परवानगी घ्यावी लागते. प्रत्यक्षात परवानगी मिळते. तरीही जो वकील हे मनात ठेवून वागतो तो मला लगेच ओळखू यायचा. तो पक्षकाराला सांगून पाठवायचा, "समुपदेशनात खरं बोला, तिथलं पुरावा म्हणून वापरायचं नसतं." दुसरे काही जण दाराबाहेर उभे राहून पढवून पाठवायचे. पढवलेलं माणूस दोन वाक्यांत कळतं.

मुलांच्या बाबतीत तर फारच. भेटीच्या खोलीत खेळणी असतात, भिंतीवर चित्रं असतात. शनिवारी बाबा येणार म्हणून आई मुलाला घेऊन येते. एक मुलगा आठवतो. दप्तर पाठीवरून काढायलाच तयार नव्हता, कारण दप्तर काढलं म्हणजे इथं राहायचं असं त्याला वाटत होतं. वडील ट्रक घेऊन आले होते, तो जमिनीवर ठेवून बसून राहिले, हात लावला नाही, बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने मुलाने पायाने ट्रक ढकलला. त्या दिवशीचा अहवाल मी तेवढाच लिहिला. वडिलांच्या वकिलाने तो वाचून "मूल वडिलांना घाबरतं असं यात नाही" म्हणून भांडण केलं नाही, "मूल वडिलांकडे जायला उत्सुक आहे" असंही ओढून ताणून लिहिलं नाही. पुढच्या तारखेला भेटीची वेळ अर्ध्या तासाने वाढवून मागितली, एवढंच. असं वागणारे वकील मला माहीत आहेत आणि त्यांच्या पक्षकारांची मुलं त्यांच्याशी बोलतात.

टिकायचं कसं म्हणालीस. रात्रीचे फोन घेऊ नकोस. मारहाण चालू असेल तर ११२ ला फोन कर असं पक्षकाराला पहिल्याच भेटीत लिहून दे, महिलांसाठी १८१ आहे, संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर दे. ते काम वकिलाचं नाही, आणि वकिलाने ते केलं तर दोघींचंही नुकसान होतं. रडू येतंय तिला समुपदेशकाकडे पाठव. मन मोकळं करायला वकिलाची फी भरणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

सॅनहोजेकर

इकडे कॅलिफोर्नियात माझी बहीण याच क्षेत्रात पॅरालीगल, म्हणजे वकिलाची मदतनीस आहे. इथे घटस्फोटाला कोणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही, नोटीस बजावल्यापासून किमान सहा महिने थांबावं लागतं, आणि राज्याचा बार कौटुंबिक कायद्यात "प्रमाणित तज्ज्ञ" असा दर्जा परीक्षा घेऊन देतो. भारतात तसं काही आहे का? आणि इथला घटस्फोट तिकडे चालतो का, हे मराठी मंडळींत नेहमी विचारलं जातं.

काळाकोट

तसा दर्जा आपल्याकडे नाही. उलट जाहिरातही करता येत नाही, नाव होतं ते तोंडोतोंडी.

परदेशी हुकूमनाम्याबाबत १९९१ चा नरसिंह राव निकाल वाचा. लग्न ज्या कायद्याने झालं त्यात जे कारणच नाही, त्यावर दुसरी बाजू हजर नसताना मिळालेला परदेशी घटस्फोट इथे मान्य होत नाही. दोघांनी स्वखुशीने तिथल्या न्यायालयापुढे हजर होऊन घेतला असेल तर गोष्ट वेगळी. "लग्न मोडकळीला आलं" एवढ्या कारणावर आपल्याकडे फक्त सर्वोच्च न्यायालय घटस्फोट देऊ शकतं, राज्यघटनेच्या कलम १४२ खाली, हे २०२३ मध्ये शिल्पा शैलेश प्रकरणात ठरलं. खालच्या न्यायालयात तो मुद्दा मांडून वेळ घालवू नये. संमतीने घटस्फोटात थांबायची सहा महिन्यांची मुदत मात्र कौटुंबिक न्यायालय २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाप्रमाणे माफ करू शकतं, अटी पूर्ण असतील तर.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. समुपदेशक ताई, तो ट्रक डोक्यातून जात नाहीये.

दोन गोष्टी विचारते. एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, या क्षेत्रात पैसा एकरकमी पोटगीच्या टक्क्यात आहे, दहा टक्के तर सर्रास घेतात. हे खरंच असं चालतं? आणि मला सध्या दोन जागा समोर आहेत. एक पुण्यात, फक्त घटस्फोटाची कामं, मोठं कार्यालय, स्टायपेंड बरा. दुसरी निफाडला, वयस्कर वकील आहेत, जमिनीचे दावे आणि घरगुती प्रकरणं दोन्ही. पैसे कमी.

काळाकोट

टक्क्याचं: निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेवर अवलंबून फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, ते गैरवर्तन आहे. चालतं का, तर चालतं. पण त्याचा परिणाम बघा. वकिलाचा हिस्सा एकरकमी रकमेत अडकला की त्याला दरमहा पोटगी नको वाटते, मुलीच्या शिक्षणाची तरतूद नको वाटते, दहा वर्षांचा विचार नको वाटतो. तडजोडीच्या टेबलावर त्याचं हित आणि तिचं हित त्या क्षणी वेगळं झालेलं असतं. मी टप्प्यांप्रमाणे फी घेते, पावती देते, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवते. बाईला तिथे उत्पन्नाची अट नसते, मोफत वकील मिळतो. काही वर्षं वकिली झाली की तुम्हीही त्या पॅनेलवर अर्ज करा. तिथे जितके उलटतपास करायला मिळतात तितके मोठ्या कार्यालयात मिळत नाहीत.

जागेचं वारणाकाठ सांगतील, मी पुण्याची म्हणून माझं मत बाजूला ठेवते.

वारणाकाठ

दोन्हीकडं जाऊन एकच गोष्ट विचारा: गेल्या वर्षभरात तुमच्याकडच्या ज्युनिअरने स्वतः सरतपास (आपल्याच साक्षीदाराची साक्ष) आणि उलटतपास घेतला का? जिथं संमतीचेच घटस्फोट चालतात तिथं पुरावा नोंदवायची वेळच येत नाही. नमुना तयार असतो, नावं बदलायची. तीन वर्षांनी तुम्हाला संमतीपत्र लिहिता येईल, साक्षीदार हाताळता येणार नाही. आणि पुढं कधी न्यायाधीशाच्या परीक्षेचा विचार केलात तर मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षांची वकिली परत सक्तीची झालीय, तिथंही हाच अनुभव मोजला जाणार. कुटुंब न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी सात वर्षं वकिली किंवा न्यायिक सेवा लागते, आणि कायद्यातच लिहिलंय की बायकांना प्राधान्य द्यावं.

निफाड म्हणजे द्राक्षं. बागायतदाराचं उत्पन्न व्यापाऱ्याच्या सौदापावतीत असतं, खात्यात अर्धंच येतं. ते वयस्कर वकील तुम्हाला कोणती पावती कुणाकडून मागवायची ते शिकवतील. मी असतो तर तिथं गेलो असतो.

जुनी_समुपदेशक

वारणाकाठशी सहमत. फक्त जाण्याआधी त्यांच्या कार्यालयात एक दुपार बसून ये. बाई आली की तिला बसायला खुर्ची देतात का, तिचं बोलणं तोडतात का, सोबत आलेल्या भावाकडे बघून बोलतात की तिच्याकडे, ते बघ.

रानजाई

शनिवारी जातेय. राजीनाम्याचं पतसंस्थेत बोलले, निकालापर्यंत थांबा म्हणालेत. तोवर जामीनदारांच्या जुन्या फायली बघून कोणत्या कर्जात जामीनदार बदलून दिला होता आणि कशाच्या आधारावर, ते टिपून ठेवते. नावं आणि खाते क्रमांक टिपणार नाही, फक्त पद्धत. हिशेबनीस, वार्षिक माहिती विवरण कसं वाचायचं यावर वेगळा धागा काढाल का?

हिशेबनीस

काढतो. नमुन्याची पानं नाव-पॅन झाकून टाकीन. एचयूएफचा भाग लांब आहे, तो दुसऱ्या धाग्यात.